दुकानात चालतो

नोकरी सुटल्यापासून माझी थोरली लेक दिवसदिवस अंथरुणातच असायची. गेल्या महिन्यात तिने सुटे भाग आणून स्वतःच कॉम्प्युटर जोडायला घेतला, तेव्हा मला हायसं वाटलं. घरबसल्या कामं घेईन म्हणाली. पण नवा मदरबोर्ड लहरी निघाला. कधी सुरू व्हायचा, कधी नुसता पंखा फिरायचा आणि स्क्रीन काळीच. तिने रॅम काढून पुन्हा बसवली, वायरी बदलल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी आम्ही दोघी तो दुकानात घेऊन गेलो. तिथे मेला पहिल्या फटक्यात सुरू झाला.

“ताई, ठणठणीत आहे की! बदलून कसा देऊ?” दुकानदार म्हणाला.

घरी आणला, तर पुन्हा काळोख.

“आई, हा माझ्यावर गेलाय,” ती हसली. “डॉक्टरांपुढे मीही अशीच ठणठणीत असते ना?”

मला हसू आलं नाही. डॉक्टरांशी तिने छान गप्पा मारल्या होत्या आणि काळजीचं कारण नाही, असं ऐकून आम्ही परतलो होतो.

आज तिने बटणाला हातही लावला नाही. संध्याकाळी मीच दाबून पाहिलं. पंखा फिरत राहिला.

“राहू दे गं,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.