मधली दोरी

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. पुण्याच्या बहिणीशी रोज फोनवर इतकं बोलते की फोन गरम होतो — पण तिलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि अमेरिकेतल्या या ट्रॉय गावातलंच कुणी मराठी माणूस वाचत असेल, तर ही बाई कोण ते त्याच्या लक्षात येईलच. येऊ दे.

एकदम नाही हो सांगता येत. जरा फिरून येते.

आधी माझा स्वभाव ऐका. मी संशयी बाई आहे. कामवाली असायची तेव्हा मी साखरेच्या डब्यात बोटाने रेघ ओढून ठेवायची. इथे कामवाली नाही, तरी हात अजून जातो डब्याकडे. मुलगा हसतो — आई, तू एअरपोर्टच्या सिक्युरिटीत लागायला हवी होतीस. हसू दे. त्याने बांधावर दिवस काढलेले नाहीत.

माझं सासर फलटणकडचं. जमीन थोडकी आणि भावकी मोठी. चुलत दीर नांगरायला लागले की फाळ जरा आमच्या अंगाला घालायचे. दर वर्षी थोडंसंच. बांध कोरणं म्हणतात त्याला. ओरडायला जावं तर ‘कुठं काय वहिनी, नीट बघा की’ म्हणायचे, आणि बघितलं तर खरंच काही दिसायचं नाही. सासूबाईंनी मला नवीन नवरी असताना स्वैपाक शिकवला नाही, बांधावरचे दगड ओळखायला शिकवलं. कुठला आपला, कुठला सरकवलेला. तेव्हापासून माझी नजर तशीच आहे — खाली, जमिनीवर, कुणाचा पाय कुठे पडतो तिकडे.

हे गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. घर मोठं, गरम, आणि दिवसभर मुकं. मग सून म्हणाली, चर्चच्या मागे कम्युनिटी गार्डन आहे, एक प्लॉट घेऊ तुमच्या नावाने. चार खुंट्या आणि भोवती पांढरी दोरी. चादरीएवढी जागा असेल नसेल. पण ती दोरी पाहिली आणि — खोटं कशाला बोलू — मला बरं वाटलं. नवऱ्याच्या गावातली जमीन कधी माझ्या नावावर नव्हती. ही होती.

शेजारचा प्लॉट सुमीबाईंचा. दोघींच्या मध्ये एकच दोरी.

त्या जावाच्या. इंडोनेशियात आहे ते जावा. कुठल्याशा डोंगराच्या पायथ्याचं त्यांचं खेडं. माझ्याच वयाच्या, अंगाने चिमणीएवढ्या, डोक्याला रुमाल, आणि रोज आल्या की आधी प्लॉटभोवतीचा पालापाचोळा काड्यांच्या झाडूने झाडायच्या. तोही गार्डनमधला! मला त्या ‘बू कुसुमो’ म्हणायच्या. बू म्हणजे त्यांच्याकडे बाई, आई, असं मानाचं. आणि कुसुम म्हणजे फूल हे त्यांना न सांगता माहीत होतं. त्यांच्या भाषेतही तोच शब्द आहे म्हणे. मला ना त्यांची भाषा, ना धड इंग्लिश. त्यांचंही तेच. पण शनिवारी त्यांची मुलगी रिनी यायची, ती हॉस्पिटलात नर्स आहे. ती बाकावर बसून दोघींचं बोलणं इकडून तिकडे करायची.

तिच्याकडून कळलं ते सगळं. सुमीबाईंच्या गावात घराभोवती कुंपण नसतं. नारळ, फणस, केळी — झाड ज्याचं त्याचं, पण वाट सगळ्यांची. भाताचं शेत गावाबाहेर. आणि कापणी आली की गावातल्या बायका आपणहून शेतात उतरायच्या. जी कापेल तिचा वाटा. कापलेलं बांधावर रचायचं, त्यातला ठरलेला हिस्सा आपला काढायचा, बाकी मालकाचं ठेवून जायचं. आलेल्या बाईला मालकाने परत पाठवायचं नाही, फार वाईट दिसतं ते. मी म्हटलं, आमच्याकडे न विचारता शेतात पाऊल टाकलं तर तंगडं मोडतील. रिनीने ते सांगितल्यावर सुमीबाई इतक्या हसल्या की रुमाल सुटला.

त्यांचं ते शेत आता नाही. त्यावरून मोठा रस्ता गेला. मोबदला मिळाला तो भावंडांत वाटला, आणि त्या लेकीकडे आल्या. रिनी एकदा म्हणाली होती, आंटी, आई घरात नुसती खिडकीशी बसते, इथे आली की जेवते. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा तुम्ही. मला माहीत होतं.

जूनमध्ये माझी मेथी आली. काय आली म्हणून सांगू — हिरवीगार, कोवळी. एका सकाळी सुमीबाई दोरीशी उभ्या राहिल्या. मेथीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग मूठ वळवून कापल्यासारखं केलं. आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी हसले. मान हलवली. ‘हो हो, घ्या की’, असंही म्हणाले. भाजी द्यायची-घ्यायची आपली रीतच आहे. एवढं काय त्यात?

पुढे पाय दुखायला लागला म्हणून माझं रोजचं जाणं बंद झालं. दोन-तीन दिवसांआड जायची. एकदा गेले तर मेथीचा एक पट्टा कापलेला. आधी मला ससे वाटले. पण ससा इतकं सरळ कापतो का? मग पलीकडचे चिनी आजोबा वाटले. ते कुणाशी बोलत नाहीत, म्हणून. मग मी कडेच्या रोपांना निळा दोरा बांधला, साखरेच्या डब्यासारखाच. पुढच्या खेपेला निळा दोरा जमिनीवर, रोप नाही. आणि खुंटीच्या मागे, ओल्या गोणपाटाखाली, मेथीच्या जुड्या. व्यवस्थित बांधलेल्या. माझ्या मनात काय आलं असेल? चोराने लपवून ठेवल्यात, अंधार पडला की नेईल. मी त्या उचलून घरी आणल्या आणि विजय मिळवल्यासारखी पराठे करून खाल्ले.

तण कुणी काढलं होतं, ते मी स्वतःला विचारलं नाही. माझ्या वाफ्यात तणाची काडी नव्हती.

मग एक दिवस मी मुद्दाम सकाळी लवकर गेले. सुमीबाई माझ्या दोरीच्या आत बसलेल्या. हातात काहीतरी चमकलं. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मूठ मिटली — पातं आत घेऊन, घट्ट. आणि हसल्या. तुम्हीच सांगा, चोरी करताना पकडलेलं माणूस दुसरं काय करतं?

गार्डनमध्ये आम्ही चार मराठी बायका. त्यातली शैला आधीच चिडवत होती — कुसुमताई, तुमच्या मेथीला पाय फुटले वाटतं. त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं. हातात सुरी लपवते, मी डोळ्यांनी पाहिलं, बाहेरून गरीब गाय आणि आतून बघा. एकदा तोंडातून गेलं की ते आपलं राहत नाही. शैलाने पलीकडच्या बायकांना सांगितलं. सगळ्या कम्प्लेंट कर म्हणायला लागल्या. गेटवर पाटीच आहे, दुसऱ्याच्या प्लॉटमधलं घेतलं तर प्लॉट जातो.

सुनेने मेल लिहिली. पाठवण्याआधी थांबली. म्हणाली, “आई, नक्की ना? एकदा गेली की गेली.” मी म्हटलं, पाठव.

आणि आता तो दिवस. इथवर आणलं तुम्हाला, आता मागे फिरून चालणार नाही.

ऑगस्टमध्ये गार्डन बघणाऱ्या गृहस्थांनी — डेव्ह म्हणून रिटायर्ड माणूस, भला आहे — सगळ्यांना पिकनिकच्या टेबलाशी बोलावलं. सुमीबाई चांगले कपडे घालून आल्या होत्या. रिनी ड्यूटीवरून तशीच आलेली. ती बोलायला लागली, आणि सून माझ्या कानाशी मराठीत सांगत होती. आई चोरत नव्हती, रिनी म्हणाली. आंटीचा पाय दुखतो म्हणून ती कापत होती, तण निंदत होती. आंटीच्या जुड्या गोणपाटाखाली ठेवायची, आणि कापणाऱ्या बाईचा वाटा म्हणून त्यातली एक घ्यायची. आमच्याकडे तशीच रीत आहे. आणि ते पातं मुठीत धरतात ते लपवायला नाही. भाताची देवी असते, देवी श्री, तिला पातं दिसलं तर ती भिते, म्हणून. आई मेथीलाही तसंच कापते. मग रिनीने माझ्याकडे बघितलं. आईने आधी विचारलं होतं, ती म्हणाली, आणि आंटी हो म्हणाल्या होत्या.

देवी श्री. सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं — जून, दोरी, वळलेली मूठ, माझी हललेली मान. मला काही विसरायला झालं नव्हतं. मला शब्द न् शब्द आठवला.

डेव्हने मला सावकाश, सोप्या इंग्लिशमध्ये विचारलं. तुम्ही यांना कधी हो म्हणालात का?

समोर शैला. बाजूला सून, जिने माझ्या शब्दावर मेल लिहिली. सुमीबाई माझ्याकडे बघत होत्या. घाबरून नाही — मी आता सांगेन आणि सगळं मिटेल, अशा नजरेने.

मी म्हणाले, “नो.”

मला इंग्लिश येत नाही म्हणून घरात माझी चेष्टा होते. पण तो एक शब्द मी स्पष्ट बोलले. सुनेला भाषांतर करावं लागलं नाही.

रिनीने आईला सांगितलं. मला वाटलं आता ती बाई उसळेल, मला बोल लावेल. लावायला हवा होता. पण सुमीबाईंनी नुसती मान हलवली. आपलीच समजण्यात चूक झाली असं त्यांना वाटलं. कुसुमो हो म्हणाली असं मला वाटलं, पण ती म्हणालीच नव्हती, असं. पाटीप्रमाणे प्लॉट गेला. त्याच दिवशी त्यांनी आपल्या मिरच्या काढल्या, जागा झाडून स्वच्छ केली, आणि झाडू घेऊन गेल्या.

इथेच संपलं असतं तरी पुरे होतं. नाही संपलं.

देवी श्री मानत असल्या तरी सुमीबाई मुसलमान. पुढच्या वसंतात त्यांची ईद आली. सकाळी बेल वाजली. दारात सुमीबाई आणि रिनी. सुमीबाई आणखी वाळलेल्या, हातात भाताचा डबा. आत आल्या आणि माझ्यापुढे खाली बसल्या, दोन्ही हात जोडून माझ्या हाताला कपाळ लावलं. काहीतरी पुटपुटत होत्या, त्यातला एकच शब्द मला कळला, पुन्हा पुन्हा. डोसा, डोसा.

मी काय केलं असेल? स्वैपाकघरात गेले. पीठ होतंच. गरम डोसा केला, चटणी वाढली, पुढ्यात ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ताटलीकडे, आणि मुकाट्याने खाल्ला. सगळा. रिनीला हसू आलं आणि तिचे डोळेही भरले. म्हणाली, आंटी, आमच्याकडे ईदला घरोघर जाऊन वर्षाच्या चुकांची माफी मागतात. डोसा म्हणजे पाप. आई म्हणत होती, तुम्हाला न विचारता घेतलं ते माझं पाप, माफ करा.

दोष. आपलाच शब्द की तो. जाता जाता समुद्र ओलांडून गेलेला.

तेव्हा तरी बोलता आलं असतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. सून ऑफिसला, मुलगा ऑफिसला. दोन वाक्यं. तुम्ही विचारलं होतं, मी हो म्हणाले होते. रिनीने पोचवली असती.

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “असू दे. माफ केलं.”

मी त्यांना माफ केलं!

कधी कधी मला संशय येतो — स्वभावच तो — की त्यांना सगळं कळलं असेल. मूठ वळवून विचारलं होतं ते त्यांनाही आठवत असेलच ना? माझी मान हललेली त्यांनीच तर पाहिली होती. मग त्या माफी मागायला आल्या होत्या, की मला बोलायला जागा करून द्यायला? त्या माझ्याकडे आणि ताटलीकडे बघत होत्या, तेव्हा कशाची वाट बघत होत्या? ठाऊक नाही. विचारण्याचा हक्क मी टेबलाशीच घालवला.

त्याच महिन्यात डेव्हची मेल आली. शेजारचा प्लॉट रिकामा आहे, जुन्या लोकांना आधी विचारतोय, तुम्हाला हवा का? सून म्हणाली, नको ना आई, पाय दुखतो तुमचा. मी म्हटलं, घे.

पहिल्या दिवशी मी गेले आणि मधली दोरी सोडली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवली. खुंट्या उपटल्या. जमीन तिकडची मऊ होती, काडीकचरा नाही, झाडलेली. चुलत दीर आयुष्यभर फाळ आत घालत राहिले आणि त्यांना हातभरही धड मिळालं नाही. मला अख्खी जागा मिळाली. नांगर न लावता.

तिथे आता माझी मेथी आहे. सुमीबाई संध्याकाळी रिनीबरोबर फिरायला निघतात, कुंपणापलीकडून हात करतात. मीही करते. मग मी कापते, जुड्या बांधते, आणि सगळ्या माझ्याच पिशवीत भरते.