तिन्ही बाटल्या माझ्याच

मी तिसरी शिकलो. पुढचं भट्टीनं शिकवलं. भोसरीत फोर्जिंगच्या, म्हणजे तापलं लोखंड ठोकायच्या शॉपमध्ये उमर गेली आणि त्या उमरीत आजारपणाची रजा म्हणून कधी घेतली नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं.

पोरगा माझ्याच वळणावर गेला. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, तिथं तो हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर आहे. कंपनीचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस. भट्टीसमोरून हलायचं तर जागेवर दुसरा माणूस उभा करावा लागतो आणि दुसरा माणूस ठेकेदार देत नाही. म्हणून तिथली पोरं पाणीच कमी पितात. प्यालं की जावं लागतं. मला यात काही नवल वाटलं नाही. आम्हीही तसंच केलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात सूनबाईनं पहिल्यांदा विषय काढला.

"मामा, ह्यांचं तोंड बघा सकाळचं. सुजल्यागत दिसतंय."

"झोप जास्त झाली," मी म्हणालो.

पण सॉक्स काढले की पोराच्या पायावर जी खाच दिसायची ती दिवेलागण झाली तरी बुजायची नाही, हे मलाही दिसत होतं. डब्यातली भाजी अर्धी परत यायला लागली. तोंडाला लोखंडाची चव येते, म्हणायचा. भट्टीवरच्या माणसाला लोखंडाची नाही तर काय बासुंदीची येणार, असं म्हणून मी हसलो. सूनबाई हसली नाही.

त्याच दिवसांत विद्यापीठाची माणसं आमच्या खोल्यांच्या लाईनीत आली. त्यांच्यात एक डॉक्टरीण होती, पाठीला सॅक, पायात साध्या चपला. गुरुवारची सुट्टी बघून आली होती. ओट्यावर पोरांना बसवून तिनं सांगितलं, "ना साखर, ना रक्तदाब, तरी भट्टीवर, उन्हात काम करणाऱ्या तरुण माणसांच्या किडन्या निकामी होताना दिसतात. दुखत नाही, खुपत नाही. कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. हा आजार लवकर कसा ओळखायचा आणि कसा थांबवायचा, हे आम्ही शोधतोय. पहिल्यांदा फक्त सकाळची लघवी द्या. बाटलीवर नाव नाही, नुसता आकडा; तो कुणाचा ते फक्त माझ्या वहीत. कंपनीला काही कळणार नाही."

ती गेल्यावर शेजारच्या खोलीतले दोघे आमच्याकडे आले. लातूरकडची पोरं, माझ्या पोराच्याच भट्टीवरची.

"आकड्याला नाव चिकटवायला किती वेळ लागतोय, राव?" एक म्हणाला. "ठेकेदाराला कळलं की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद."

"मग देऊ नका," सूनबाई आतून म्हणाली.

"न्हाई दिलं तर म्हणतील, ह्याच्यात कायतरी खोट हाय."

माझा पोरगा माझ्याकडं बघून हसला. "आबा, तुमच्याइतकं निरोगी कोण आहे इथं? तुमचंच देऊ की."

"काका, मग आमालाबी द्या!" दुसरा म्हणाला. "उद्या सकाळी ओव्हरटाइम करा जरा."

सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. या वयात तीन जवान पोरं आपल्या अंगातलं काही मागतात, हे थोडं आहे का? सकाळी थांबून थांबून तिन्ही बाटल्या भरल्या आणि झाकणं घट्ट लावून दिल्या. त्यात फेस होता. तो मला रोजच दिसायचा. जोर आहे म्हणून फेस येतो, अशी माझी समजूत.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरीण एकटीच आली. पोरगा आणि ते दोघे ओट्यावर पत्ते खेळत होते, त्यांच्यासमोर ती खालीच बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"तुम्हा तिघांच्याही लघवीतून प्रथिनं जातायत," ती म्हणाली. "बरीच. एकाच भट्टीवरचे तीन जण, तिघांचं सारखंच. मला आजच रक्त घ्यावं लागेल."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मग माझा पोरगा मोठ्यानं हसला. इतका मोकळा हसताना मी त्याला कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

"मॅडम, मला काही झालेलं नाही. जा तुम्ही."

"कशावरून?"

मी दारात खुर्चीवर बसलो होतो. तिथूनच म्हणालो, "त्या तिन्ही बाटल्या माझ्या आहेत."

ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. उठून माझ्याजवळ आली, माझ्या पायावर अंगठा दाबून बघितला आणि म्हणाली, "मग आजोबा, आजारी तुम्ही आहात."

मला कुणी आजोबा म्हटलेलं खपत नाही. पण मी पायाकडं बघत राहिलो; तिच्या अंगठ्याचा खड्डा तसाच होता. तिनं विचारलं, औषध काय घेता. मी म्हणालो, औषध कसलं, गुडघ्यासाठी मेडिकलमधली दुखीची गोळी, सकाळ-संध्याकाळ. आणि पोरगा? पाठ दुखली की तोही तीच घेतो. त्या गोळ्याही किडन्या खातात, ती म्हणाली.

"रक्त द्या," ती पोराला म्हणाली. "आता तर तुमचं काहीच तपासलेलं नाही."

"जे निघालं ते आबांचं निघालं ना? मग माझं चांगलंच आहे."

हा कसला हिशेब! पण त्याला तो पटला होता. शेजारचे दोघे पत्ते तिथंच टाकून उठले, ते परत ओट्यावर आले नाहीत. आठवड्याभरात खोली सोडून गेले. कुणी म्हणतं रांजणगावला गेले, कुणी म्हणतं गावाकडं. त्यांच्या अंगात काय चाललंय ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

आजवर माझ्या दंडात सुई घुसू दिली नव्हती. त्या दिवशी डॉक्टरणीसमोर बाही वर केली आणि पोराला म्हणालो, "आधी माझं. मग तुझं. मी घाबरलो तर तू घाबर."

"मी कुठं घाबरलोय?"

"मग ये की."

सूनबाई त्याच्यामागं येऊन उभी राहिली. तो आला.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरीण आली तेव्हा मला म्हणाली, "आजोबा, जरा बाहेर बसता?"

"घर माझं आहे. माझ्यासमोर सांगा."

तिनं सांगितलं. माझ्या किडन्यांना इजा सुरू झाली आहे, गोळी बंद केली आणि औषध घेतलं तर बरीच वर्षं निभतील. पोराच्या मात्र निम्म्याहून कमी चालतायत. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते टिकवायचं तर भट्टी सोडायला पाहिजे, लगेच.

"भट्टीमुळंच झालं का?" सूनबाईनं विचारलं.

"तेच आम्हाला नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर फिरतोय." खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

पोरगा बाहेर निघून गेला. ती गेल्यावर परत आला आणि म्हणाला, सीझन आहे, एवढा महिना काढतो, मग बघू. सूनबाई रडली. त्यानं ऐकलं नाही. हट्ट त्याच्यात माझ्याकडूनच आलाय, मी कुणाला दोष देऊ?

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं डबा घेतला, बूट घातले. मी उठून उंबऱ्यात आडवा झालो.

"आबा, सरका. बस येईल."

"येऊ दे."

"आबा, मी सांगतोय."

"माझ्यावरून ओलांडून जा."

बापाला ओलांडायचं म्हणजे काय, हे त्याला शिकवावं लागत नाही. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. त्यानं पाय उचलला. उचललेला पाय माझ्या छातीवर तसाच अधांतरी राहिला, आणि खालून मला त्याचं तोंड दिसलं, सुजलेलं, डोळे बारीक झालेले. हॉर्न परत वाजला. त्यानं पाय मागं घेतला, माझ्या डोक्याशी जमिनीवर बसला आणि डबा बाजूला ठेवला. बस निघून गेल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.

"उद्या काय करणार, आबा?" तो म्हणाला. "रोज असंच झोपणार का?"

"रोज," मी म्हणालो.