रंगरावांचा न मळणारा शर्ट

बसडेपोतल्या फिटरचा दिवस कसा गेला, ते त्याच्या बायकोला शर्टावरून कळतं. धायरीच्या द्वारकाबाईंना तर नुसत्या कॉलरवरून कळायचं. डिझेलची काजळी अशी मुरलेली असायची की शर्ट दोन पाण्यांतून काढला तरी बादली काळीच. त्या रोज कुरकुरायच्या आणि रोज घासायच्या. नवऱ्यावर जीव लावायची त्यांची रीतच तशी होती.

आणि अचानक शर्ट स्वच्छ येऊ लागले. बाहीला थोडं ग्रीस, बस्स. दुसरी एखादी खूश झाली असती. द्वारकाबाईंच्या मनात आलं, यांची नोकरी तर गेली नाही? शेजारच्या जयसिंगची नोकरी गेली, तेव्हा तोही महिनाभर डबा घेऊन निघायचा आणि बागेत बसून परत यायचा. डेपोतल्या डिझेलच्या बस भंगारात निघाल्यात आणि त्यांच्या जागी गॅसवरच्या आल्यात, हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यात "गॅसच्या गाडीला मी हात लावणार नाय," असं रंगरावांनी भर गल्लीत जाहीर केलेलं. बोला आता! विचारावं तर माणूस ओशाळेल, न विचारावं तर झोप नाही.

एके दिवशी रंगराव चष्मा घरीच विसरले. तेवढं निमित्त साधून द्वारकाबाई थेट डेपोत धडकल्या.

वॉचमनने आतल्या शेडकडे बोट दाखवलं. तिथे रंगराव एका गॅसच्या बसमध्ये डोकं खुपसून पाइपच्या जोडावर साबणाचा फेस लावत होते, दाढीला लावावा तसा, हळुवार. बुडबुडा आला तर गॅस गळतोय, एवढी साधी परीक्षा. चष्मा नव्हता, म्हणून नाक टेकवून बघत होते. बुडबुडा आला नाही. रंगराव स्वतःशीच हसले. इतकं गोड ते लग्नाच्या फोटोतही हसले नव्हते.

"इथं हाय होय तुम्ही!"

रंगराव दचकले. "तू? काय झालं गं?"

"मला वाटलं, जयसिंगभावजींसारखं बागेत बसताय. शर्ट मळंना तुमचा."

"गॅसवर बदली झाली माझी. एवढं बोलून बसलेलो, तुला सांगू कुठल्या तोंडानं?" मग जरा घुश्शातच म्हणाले, "शर्ट तेवढा दिसला व्हय? धुराचा खोकला गेला माझा, ते नाय कळलं?"

द्वारकाबाईंनी आठवून पाहिलं. कितीतरी रात्री त्या काळजीने टक्क जाग्या होत्या, रंगराव शेजारीच झोपलेले, आणि त्यांचा तो रोजचा खोकला एकदाही ऐकू आला नव्हता. त्यांना तिथेच, सगळ्या फिटरांसमोर रडू आलं.