बाल्कनीचं तिकीट

आमच्या शिरपुरात तेव्हा बाल्कनी एकाच ठिकाणी असायची, टॉकीजमध्ये. घराला असते ती गॅलरी. बाल्कनी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या रेक्झिनच्या खुर्च्या, पंख्याखालची जागा, आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर शेंगांची टरफलं टाकायचा हक्क. त्यामुळे शेजारच्या दुकानात मुलाचा फोन आला आणि तो म्हणाला की तुम्हा दोघांना माझ्या जहाजावर बाल्कनीची खोली मिळाली आहे, तेव्हा आमचे हे फोन हातात धरूनच दुकानदाराला सांगून मोकळे झाले, "पोऱ्यानी जहाजवर बाल्कनीनं तिकीट काढं!"

झालं. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली विचारायला लागली, पिक्चर कोणता आहे? मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, त्यामुळे गल्लीतलं जे कुणाला समजत नाही ते माझ्याच गळ्यात पडतं. मला काय ठाऊक होतं, कपाळ! पण मास्तरणीला "ठाऊक नाही" म्हणायची सोय नसते. मी म्हटलं, रोज वेगळा दाखवत असतील.

मुलगा बारावीनंतर नाशकात हॉटेलचा कोर्स करून जहाजावर लागला होता. फोनवर सांगायचा, "हॉटेल डिपार्टमेंटला आहे." ह्यांनी कापसाच्या मार्केटात त्याचं परस्पर "म्यानेजर" करून टाकलं, आणि मीही ते खोडलं नाही. दोन दिवाळ्या तो घरी आला नव्हता. थंडीत ते जहाज मुंबईहून कोलंबोला जाऊन परत यायचं, आणि खोल्या रिकाम्या राहिल्या तर नोकरांच्या आईबापांना त्यात जाता यायचं. तसा आमचा नंबर लागला.

मला समुद्राचं काही कौतुक नव्हतं, खरं सांगते. तापी बघून जिचं आयुष्य गेलं तिनं पाणी बघायला इतक्या लांब कशाला जायचं? मला एकच करायचं होतं. हा पोरगा लहानपणापासून चुलीजवळ पिठाच्या डब्याला टेकून बसायचा आणि तव्यावरची दशमी ताटात पडायच्या आत उचलायचा. त्याला एकदा समोर बसवायचं, दशमी वाढायची आणि तो खातो ते बघायचं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि पातळाच्या घडीत बांधून घेतली. मुंबईच्या धक्क्यावर पिशवी तपासणाऱ्यानं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि जाऊ दिलं.

आता जहाजाच्या बाल्कनीच्या खोलीत काय असतं, ते सांगते. मला आजही लोक विचारतात.

खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी. पलंग मात्र असा मऊ, की कूस बदलली तर माणूस हरवावा. न्हाणीघराचा उंबरा उंच, पहिल्याच दिवशी माझा अंगठा ठेचला. संडासाचं बटण दाबलं की असा काही आवाज होतो, की आमचे हे पायजमा धरून बाहेर पळत आले. "अवं, हाई काय शे? माणूस ओढी लिई!" बाल्कनीचं दार काचेचं, सरकवायला दोघं लागतात. ते उघडं ठेवलं की आतली थंड हवा बंद पडते आणि फटीतून वारा शिट्ट्या मारतो. बाहेर दोन खुर्च्या आणि एक टेबल. कठडा सदा चिकट, हात लावला की मीठ. कपडे वाळत घालू नका असं सांगितलेलं असतं, ते ऐकावं. आम्ही ऐकलं नाही, ह्यांचा बनियन लंकेला आमच्याआधी पोचला. खाली वाकून बघितलं तर पाणी दिसत नाही, नारिंगी होड्यांची टपं दिसतात. आणि शेजारच्या बाल्कनीच्या मधे दुधी पत्र्याची एक आडभिंत असते. पलीकडचा माणूस दिसत नाही, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला खाली वीतभर फट ठेवलेली असते.

हे जाऊन खुर्चीवर बसले, पाय लांब केले आणि म्हणाले, "पडदा कोठे शे?"

"समोर दिसतोय तो काय," मी म्हटलं.

बराच वेळ समुद्राकडे बघून ते म्हणाले, हिरो काही येत नाही. मी हसले. त्या प्रवासात मी हसले ते तेवढंच.

दारावर टकटक झाली. मुलगा होता. पांढरा सदरा, काळी पँट, मागे चादरी-टॉवेलांची गाडी. दोघांच्या पाया पडला. वाळला होता. मी त्याचा चेहरा हातात घ्यायला गेले तर त्याचे डोळे दाराकडे.

"बठ ना रे," मी म्हटलं.

"माय, माले बठता येस नही. नियम शे."

पॅसेंजरच्या खोलीत बसायचं नाही, खायचं नाही, प्यायचं नाही. मी म्हटलं, अरे, आईबापाच्या खोलीत कसले नियम? तो म्हणाला, जहाजावर तुम्ही पॅसेंजर. मग त्यानं खिशातून रबरी हातमोजे काढले आणि न्हाणीघरात गेला.

आता काय सांगू तुम्हाला. ह्यांनी वापरलेला संडास माझा पोरगा गुडघ्यावर बसून घासत होता. गुडघ्यावर बसलेलं त्यांच्या नियमात चालत होतं. आमचे हे उठून बाल्कनीत गेले आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले. पोरगा खोलीतून जाईपर्यंत ते वळले नाहीत. म्यानेजर हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले. पलंग आवरला, चादर ताणली, न्हाणीघर धुऊन कोरडं केलं. म्हटलं, आता काम नाही म्हणजे तेवढा वेळ तरी बसेल. तो आला, पलंगाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं माझी ताणलेली चादर ओढून काढली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला लागला. "माय, तू नको करत जाऊ. त्यांची घडी वेगळी असते. तपासायला येतात."

तपासायला यायची ती एक उंच, घाऱ्या डोळ्यांची बाई. हातात बोलायचं यंत्र, सारखं खरखरणारं. ती त्याच वेळी दारात आली, उशीवरून बोट फिरवलं. मुलगा ताठ उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम."

मला! पोटच्या पोरानं!

ती गेल्यावर माझा पारा असा चढला की विचारू नका. मी म्हटलं, मी जाऊन सांगतेच तिला, इंग्रजीत सांगते. मनात वाक्यही जुळवलं, ही इज माय सन, ही विल सीट. माझा आवाज ऐकून शाळेत वरच्या वर्गाची पोरं जागेवर बसतात, ही कोण लागून गेली? तर पोरानं माझे पाय धरले. "माय, तुझ्या पाया पडतो, काही बोलू नको. तू उतरून जाशील, मला इथंच राहायचं आहे." त्याच्या डोळ्यांत भीती होती. ह्या पोराला मी विंचवाला भ्यायलेलंही पाहिलं नव्हतं.

मी बसले गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कोलंबोला लोक उतरले, फिरले, आम्ही गेलो नाही. पोरगा रोज दोनदा यायचा, उभ्याउभ्या दोन शब्द बोलायचा, कधी टॉवेलाचा ससा करून पलंगावर ठेवून जायचा. लहान असताना मी त्याला रुमालाचा उंदीर करून द्यायची. मी तो ससा मोडायची नाही, तर दुसऱ्या दिवशी तोच येऊन मोडायचा. दशम्या वाळत चालल्या होत्या. मी रोज पातळाची घडी सोडून बघायची आणि बांधून ठेवायची. एकदा एक त्याच्या खिशात कोंबायला गेले, तर तो मागे सरकला. खिसे तपासतात म्हणाला.

शेवटच्या दिवशी दुपारी ह्यांना मळमळत होतं, ते आत पडून होते. मी बाल्कनीत. मुंबई सकाळी येणार होती. माझ्या मनात येत होतं, काय उपयोग आपला? इतकी पोरं शिकवली, इतक्यांना दटावलं, आणि एका पोराला खुर्चीवर बसवता येत नाही. रडू आलं, रागाचंच.

तेवढ्यात आडभिंतीपलीकडे फडक्याचा आवाज आला. शेजारचे लोक कोलंबोलाच राहिले होते, खोली रिकामी होती. मग एक शिंक. मग दुसरी. मग जरा थांबून तिसरी, मोठी. सासऱ्यांपासून आमच्या घरात शिंकेची हीच चाल आहे.

मी फटीशी तोंड नेऊन हळूच हाक मारली. "पोऱ्या?"

फडकं थांबलं. "माय?"

मी धावत आत गेले, पातळाची घडी सोडली, चहाच्या बशीत दशमी मोडून घातली, वर चटणी. आली आणि तिथंच फरशीवर फतकल मारली. बशी फटीतून पलीकडे सरकवली. काळ्या बुटांची टोकं दिसली. ती जागची हलेनात.

"ती तर पॅसेंजरची खोली नाही ना? रिकामी आहे ना?" मी म्हटलं. "मग बठ की."

टोकं फिरली, टाचा दिसल्या. मग पत्र्याला पाठ टेकल्याचा आवाज आला. मीही इकडून टेकले.

"बठना का रे?"

"हा माय, बठनू."

तो खात होता. मला दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. वाळलेली दशमी कुडूम कुडूम वाजत होती. घाई करत होता, घास नीट चावत नव्हता. मी म्हटलं, सावकाश. "पाणी देऊ?" तर भरल्या तोंडानं नको म्हणाला. चटणी संपल्यावर फटीतून हात आला, लहानपणी यायचा तसा. मी चटणी ठेवली आणि हात सोडला नाही. बोटांची सालं निघाली होती, तळवा खरखरीत, फिनेलचा वास. ह्या हातानं घरी कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं. मी अंगठ्यानं नुसती त्याची बोटं चोळत बसले आणि त्यानंही हात काढून घेतला नाही.

पलीकडे यंत्र खरखरलं. हात झटकन गेला. बूट उठले. क्षणभरानं बशी फटीतून परत आली. तिच्यात चटणीचा कण नव्हता, फडक्यानं पुसून लख्ख केली होती. आणि त्याचा आवाज आला, कामावरचा, स्वच्छ आवाज.

"थँक्यू, मॅडम."

ते सवयीनं तोंडून गेलं, की ती बाई मागे येऊन उभी राहिली होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी त्याला कधी विचारलंही नाही. काचेचं दार सरकल्याचा आवाज झाला आणि मग नुसता वारा.

बशी घेऊन मी आत गेले. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं झोपलेत. पण त्यांनी न वळता विचारलं, "बठना का तो?"

"हा," मी म्हटलं. "बठना."