वडिलांच्या वाट्याचा रोट

आमच्या खानदेशातली देवी कानबाई येते रविवारी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी चोपड्याजवळच्या आमच्या गावात ती घरोघरी बसते, आणि नेमकी त्याच सकाळी धुळ्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना असते. माझ्या वडिलांचं अर्धं आयुष्य या एका रविवारात अडकलं.

ते गिरणीत नोकरीला म्हणून धुळ्यात आले, तिथे प्रभू येशूच्या मागे चालू लागले आणि माझ्या जन्माआधीच बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. गावात बोंबाबोंब झाली. काकांनी बोलणं टाकलं. आजीने मात्र काहीच टाकलं नाही. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला कण द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचा. काका म्हणाले, आता त्याच्या नावाचे गहू कशाला? आजीने त्यांच्याकडे न बघता मूठ भरली. पुढेही दर वर्षी भरत राहिली.

वडील सोमवारी गावी जायचे, तिच्याजवळ बसायचे, पण रोटाला शिवायचे नाहीत. मूर्तीला वाहिलेलं खाणार नाही, हे त्यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी ठरवलं होतं, आणि आमच्या घरात ठरलं म्हणजे ठरलं. मग त्यांच्या वाट्याचा रोट आजीच खायची. दात गेल्यावर दुधात कुस्करून खायची. मला दोघांचाही राग यायचा. एक घास खाल्ला असता तर कुठे आभाळ कोसळणार होतं? आणि ते खात नाहीत तर हिने तरी नाद का सोडू नये? हट्टात मायलेक सारखेच.

शेवटच्या वर्षी आजीला अर्धांगवायू झाला. वडील तेव्हा निवृत्त झाले होते. ते गावी जाऊन राहिले. तिला अंग पुसून देणं, कुशीवर वळवणं, तिची घाण काढणं, सगळं त्यांनी केलं. काकू पुढे झाली तर म्हणायचे, "राहू दे, हाई मनं काम शे." ज्या गावाने त्यांना बाटगा म्हटलं होतं, तेच लोक ओट्यावर बसून त्यांचं कौतुक करू लागले. ते कुणाला उपदेश करत नव्हते. संध्याकाळी तिचे पाय चेपताना हळू आवाजात प्रार्थना म्हणायचे, एवढंच.

त्या श्रावणात आजीने खाटेवरूनच काकूला वडिलांच्या नावाचे गहू घ्यायला लावले. रोट झाला, पण तिला आता पाणीसुद्धा नीट गिळवत नव्हतं. सोमवारी मी तिथेच होते. तिने चालत्या हाताने एक तुकडा उचलला आणि वडिलांपुढे धरला.

"यंदा तू खाय. माले आते खावात नही."

वडिलांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. "माय, तू सांगशी ते करसू. पन हाई नको."

ती रागावली नाही. तुकडा तसाच हातात धरून तिने विचारलं, "तू मरशी तवय कोठे जाशी?"

"प्रभूकडे."

"मंग मी बी तठेच ऱ्हासू ना?"

वडिलांना पवित्र शास्त्र तोंडपाठ. तारणावर, म्हणजे आत्म्याच्या उद्धारावर, बोलायला उभे राहिले की घड्याळ दाखवून त्यांना खाली बसवावं लागतं. पण त्या वेळी ते नुसते तिच्या कानाशी वाकले. "त्यानं नाव ले, माय," ते कसेबसे म्हणाले. "एक डाव ले."

"आन मनी कानबाईले काय सांगू?"

आजीने तुकडा परत ताटात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. पुनवेच्या आधीच ती गेली. वडिलांनी खांदा दिला. अग्नी काकांनी दिला.

आम्ही धुळ्याला परतलो तेव्हा मंडळीतले लोक भेटायला आले. आमच्यात कुणी गेलं की दारातून आत येणारा प्रत्येक जण एकच म्हणतो, प्रभूकडे गेल्या, पुन्हा भेट होईल. ऐकून ऐकून ते गुळगुळीत झालं असलं, तरी ऐकणाऱ्याला त्याचा फार आधार असतो. आजीने प्रभूचं नाव घेतलं नव्हतं, तिच्यासाठी ते कुणालाच म्हणता येईना. चांगली माणसं होती, खोटं बोलणार कशी? त्यांनी आजीचं वय विचारलं, आजार विचारला, कापसाला पाऊस पुरेल का ते विचारलं. चहा प्यायले. मंडळीच्या पाळकांनी घरच्यांच्या सांत्वनासाठी मनापासून प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत आम्ही सगळे होतो, आजी नव्हती. वडिलांनी सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं. मला तिथे बसवेना.

लोक गेल्यावर कपबशा उचलताना मी म्हटलंच, "पप्पा, तुम्ही सगळ्यांना सांगता ना, मग मला सांगा. आजी कुठे आहे?"

मला वाटलं, रागावतील. ते उठले, संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी धुतलेला सदरा घातला, सावकाश बटणं लावली.

"इतकी वर्षं जे शिकवलं, ते खरं आहे असंच मी आजही मानतो," ते म्हणाले. "फक्त तिच्याबाबतीत मी चुकलेला असू दे, एवढंच रोज देवाकडे मागतो."

आणि उशीर होतोय म्हणत ते बाहेर पडले.