फळ्यावरची चूक

झरीच्या बसमध्ये माझ्या शेजारी रोज एक शिक्षिका बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. काचेवरच्या धुळीत बोटानं त्या दिवसाची गणितं मांडायच्या. एकदा त्यातलं एक चुकलेलं दिसलं. मी सांगितलं, तर हसल्या.

“मुद्दाम चुकवायलेय. समजलं का इचारलं की पोरं एका सुरात ‘हो’ म्हणतात. म्हणून फळ्यावर चूक करते अन् गप उभी राहते.”

“मग सांगतात?”

“कुठं! बाईंचं चुकलं म्हणायला लय भितेत.”

परवा त्या परतीच्या बसमध्ये चढल्या, तेव्हाच चेहरा खुललेला होता.

“आज सगळ्यात मागं बसणारी पोरगी उठली. ‘बाई, तुमचं चुकलंय,’ म्हणली अन् फळ्यापाशी येऊन सगळ्यांना समजावून दिलं.”

“बघा, चालली तुमची युक्ती!”

त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

“युक्ती कसली! आज मी खरंच चुकले होते.”