गुरुदत्तच्या गाडीचे शॉकअप

गुरुदत्त आठल्ये आणि मी पिंपळे सौदागरच्या एकाच सोसायटीत राहतो आणि चाकणच्या एकाच कंपनीत नोकरी करतो. मी अकाउंट्समध्ये, तो प्लॅनिंगमध्ये. प्लॅनिंग म्हणजे पुढच्या महिन्यात काय होणार ते एका तक्त्यात मांडायचं आणि ते का झालं नाही ते दुसऱ्या तक्त्यात. या कामात तो हुशार आहे. त्याची बायको मृदुला शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे डोंगरदऱ्यांची माहिती त्या घरात तिलाच. गुरुदत्त पावसाळ्यात पार्किंगमधून लिफ्टपर्यंतसुद्धा बूट वाचवत, टाचा उचलून चालतो.

या माणसाने चाळिशी उलटल्यावर फोर बाय फोर पिकअप घेतली. पुढे चौघांची केबिन, मागे उघडा हौदा. हौद्यात काय ठेवणार, असं मृदुलाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हौदा ठेवण्यासाठी नसतो. ती लाइफस्टाइल आहे." मृदुलाने दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी स्कूटर बुक केली.

गाडीमागोमाग क्लब आला. ‘मावळ मोकाट’ असं त्याचं नाव. रविवारी सकाळी दहाबारा मोठ्या गाड्या रांगेने निघायच्या, डांबरी रस्त्याने लोणावळ्याच्या अलीकडे जायच्या, मिसळ खायच्या आणि धुऊन घरी यायच्या. क्लबचा म्होरक्या ओजस. त्याचं टाइल्सचं दुकान आहे, पण तो स्वतःला एक्स्प्लोरर म्हणवतो. त्याने एका रविवारी गुरुदत्तच्या गाडीखाली वाकून पाहिलं आणि हळहळला.

"कंपनीने दिलेल्या स्टॉक शॉक्सवर फिरतोयस, भावा? उद्या खऱ्या ट्रॅकवर गेलास तर काय करशील?"

आमच्या चाकणच्या रस्त्यावर सकाळी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गेली तर आम्ही एकमेकांचं अभिनंदन करतो. तिथे शॉकअपचं काम एवढंच, की मोशीपुढच्या खड्ड्यात उतरायचं आणि वर यायचं. पण गुरुदत्तला खऱ्या ट्रॅकची काळजी लागली. जेवणाच्या सुट्टीत तो मला रिबाउंड आणि डॅम्पिंग समजावून सांगू लागला. मी माझी भाजी खात राहायचो.

शेवटी एका शनिवारी तो मला घेऊन दापोडीला जहीरच्या गॅरेजमध्ये गेला. जहीर बोलायला गोड आणि विकायला त्याहून गोड. गिऱ्हाइकाच्या तोंडात आपल्या मनातलं वाक्य येण्याची वाट बघायची आणि ते आलं की त्यालाच शाबासकी द्यायची, ही त्याची पद्धत.

"साहेब, मागे वजन किती घेऊन फिरता? त्या हिशोबाने शॉकअप आणि पाटे टाकू."

पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. प्रश्न साधा होता. हौद्यात तेव्हा एक छत्री होती आणि वाणसामानाची रिकामी पिशवी. पण शेजारच्या रॅम्पवर क्लबातल्या कुणाचीतरी गाडी चढवलेली होती, आणि गुरुदत्तने त्या गाडीकडे एकदा पाहिलं.

"फुल एक्स्पिडिशन लोड असतो," तो म्हणाला. "तंबू, पाण्याची टाकी, विंच, दोन स्टेपन्या. कायम."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मग हेवीच लागणार," जहीर म्हणाला. "साहेबांना कळतं म्हणून सांगतो, नाहीतर लोक हलकं टाकून जातात."

एवढं ऐकल्यावर गुरुदत्तने आणखी एक पाटा वाढवून घेतला.

सोमवारी आम्ही कंपनीत निघालो. गाडी हातभर उंच झाली होती. चढताना मला दाराच्या वरची मूठ धरून लोंबकळावं लागलं. सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरवर गाडीचा मागचा भाग आधी वर गेला आणि मग आमच्या कण्यात आला. नाशिक फाट्यापर्यंत माझी जीभ चावून झाली होती. भोसरीत डब्यातली आमटी बॅगेत आली. गुरुदत्त दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, दर हादऱ्याला मान हलवत होता, जणू तो हादरा त्यानेच मागवला होता.

"फीडबॅक किती क्लिअर आहे बघ," तो म्हणाला. "रस्ता कळतो."

रस्ता मला पंधरा वर्षांपासून माहीत होता. त्या आठवड्यात मी कंपनीच्या बसचा पास काढला.

मृदुला एकदाच बसली. उतरल्यावर मानेला पट्टा लावून ती दोन दिवस शाळेत गेली आणि तिने मुलांना भूकंपाचा धडा शिकवला. मग गुरुदत्त गुपचूप जहीरकडे गेला. जहीरने हौद्यात डोकावून पाहिलं.

"साहेब, सामान कुठंय?"

"आज काढून ठेवलंय."

"मग उडणारच. हे शॉकअप वजनावर चालतात. तुमचं ते सगळं सामान टाका, मक्खन चालेल."

खरं सांगितलं असतं तर जहीरने हलके पाटे आनंदाने बसवून दिले असते. त्याला तेवढाच धंदा. पण गुरुदत्त हो म्हणाला आणि घरी येताना वाळूची पोती भरून आला. गाडी खरोखर मऊ झाली. आता तो रोज पिंपळे सौदागरहून चाकणला वाळू न्यायचा आणि संध्याकाळी तीच वाळू परत आणायचा. सोसायटीतल्या मांजरांनी महिन्याभरात पोती उसवून त्या वाळूचा योग्य तो उपयोग शोधला. मग केबिनमध्ये वास येऊ लागला.

सोसायटीच्या तळमजल्यावर शालनबाईंचं पोळीभाजी केंद्र आहे. बाई मूळच्या याच गावातल्या, त्यांच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या तरी त्यांची भाषा हलली नाही. नाकाला पदर लावून त्या गाडीपाशी आल्या.

"आरं गुरुदत्त, ही घाण कशापायी फिरवतोस? रोज चाकणला जातोस न्हवं? तिकडनं माझं कांदं तरी आण."

गुरुदत्तला क्षणभर अपमान वाटला असावा. पण दुसऱ्या दिवशी वाळू गेली आणि चाकणच्या बाजारातून कांद्याची पोती आली. घरी येताना गाडी म्हणे तरंगत आली. त्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. मग शालनबाईंच्या बटाट्यांचीही सोय झाली, वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन दुरुस्तीला गेलं, कुणाचा सोफा वाकडला पोचला. संध्याकाळी तो पार्किंगमध्ये उभा राहून लोकांना विचारायचा, "काही न्यायचंय का? जड असलं तर बरं." टेम्पोवाल्यांच्या मागे अडकला की पूर्वी शिव्या घालायचा. आता त्यांच्या दोऱ्या कशा बांधल्यात ते बघू लागला.

अशात ओजसने खरा ट्रॅक जाहीर केला. मावळातली एक लाल मातीची चढण, आदल्या दिवशी पाऊस झालेला. गुरुदत्तने मला आग्रहाने नेलं. हौदा ताडपत्रीने झाकलेला होता. क्लबातल्यांनी कौतुकाने विचारलं, "सगळं किट आणलंस?" तो नुसता हसला. मला कांद्याचा वास येत होता.

ओजसची गाडी अर्ध्यावर घसरली आणि कडेला आडवी झाली. दुसरीची मागची चाकं जागेवरच फिरत राहिली, ती मागे घ्यावी लागली. मग गुरुदत्त निघाला. मागच्या वजनाने चाकं मातीला घट्ट धरून बसली होती. गाडी घुरघुरत, हलत, न थांबता वर चढली. माथ्यावर पोचता पोचता ताडपत्रीची दोरी तुटली.

पोती आडवी झाली, तोंडं सुटली आणि कांदे चढणीवरून खाली आले. ‘मावळ मोकाट’चे सगळे एक्स्प्लोरर खाली कॅमेरे धरून उभे होते. कांदे त्यांच्या बुटांमधून, चाकांखालून, ओजसच्या आडव्या गाडीच्या उघड्या दारातून आत गेले. शेजारच्या शेतातून दोन बाया आल्या आणि त्यांनी विचारलं, "काय भाव लावला?"

चढण फक्त गुरुदत्तने पार केली होती. व्हिडिओ पसरला तो कांद्यांचा. ओजसने खाली लिहिलं, ‘आमचे कांदेवाले’. गुरुदत्त त्याच संध्याकाळी क्लबातून बाहेर पडला. चार दिवस कंपनीतून आला की पलंगावर पडून राहिला. मृदुला म्हणाली, "अरे, वर तूच गेलास ना? मग रुसतोस कशाला?" त्याने कूस बदलली. पाचव्या दिवशी शालनबाईंनी लसणाची आठवण केली आणि तो उठला.

हे झाल्याला आता वर्ष होत आलं. पाटे तेच आहेत. बदलून घे, असं मी एकदा सुचवलं, तर माझ्या समजेची त्याला कीव आली.

गेल्या आठवड्यात कंपनीची बस बंद पडली म्हणून मी त्याच्यासोबत परतत होतो. मोशीला एका हवालदाराने हात केला. घरची गाडी आणि मागे एवढी पोती, म्हणून त्याने चौकशी केली. मग सहज खाली वाकला आणि म्हणाला, "शॉकअप वेगळे दिसतायत."

गाडी बंद करून गुरुदत्त खाली उतरला आणि बोलू लागला. रिबाउंड झालं, डॅम्पिंग झालं. पाटा वाढवण्यामागचा विचार झाला. मागे हॉर्न वाजत होते. हवालदार दोनदा "ठीक आहे" म्हणाला, एकदा त्याने घड्याळ बघितलं, शेवटी हात जोडून तो म्हणाला, "निघा साहेब."

"थांबा," गुरुदत्त म्हणाला, "पुढचे दाखवायचे राहिलेत."